इंजिनाच्या तापमानाचा काटा अस्थिर का होतो?

दोष इंजिनात आहे की मापनात, हे ओळखण्याची रीत

उन्हाळ्यात घाटरस्त्यांच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या मोटारी हे देशभर नेहमीचे दृश्य आहे. त्यांपैकी बहुतेकींचे इंजिन खरोखरच तापलेले असते. काही मोटारींत मात्र इंजिन सुस्थितीत असते आणि डॅशबोर्डवरील तापमानाचा काटाच चुकीची माहिती देत असतो. याच्या उलट प्रकार अधिक घातक असतो. काटा थंड दाखवत राहतो आणि आत इंजिन उकळत असते.

काटा कधी मध्यावर, कधी तळाशी, तर कधी लाल पट्टीजवळ जाऊ लागला, की वाहनधारक गोंधळतो. गॅरेजमध्ये आधी सेन्सर, मग थर्मोस्टॅट, मग पाण्याचा पंप असे सुटे भाग एकामागून एक बदलले जातात. पैसे खर्च होतात, दोष तसाच राहतो. काही वेळा ‘काटाच खराब आहे’ असे समजून मोटार चालवत ठेवली जाते आणि शेवटी सिलिंडर हेड वाकते. सेन्सरची किंमत आणि हेड उतरवून दुरुस्त करण्याचा खर्च यांत मोठे अंतर असते. त्यामुळे सुटे भाग बदलण्यापूर्वी निदान होणे महत्त्वाचे ठरते.

या निदानाची गुरुकिल्ली सोपी आहे. काटा किती वर गेला, एवढेच पाहून चालत नाही. तो किती वेगाने गेला आणि कोणत्या परिस्थितीत गेला, हेही पाहावे लागते.

काटा नेमके काय दाखवतो?

काटा इंजिनाचे तापमान दाखवतो, असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो इंजिनातील एका ठिकाणी बसवलेल्या छोट्या सेन्सरचे तापमान दाखवतो. हा सेन्सर सहसा सिलिंडर हेडवर किंवा थर्मोस्टॅटच्या घरट्याजवळ असतो आणि त्याचे टोक कूलंटमध्ये बुडालेले असते. तापमान वाढले, की त्याचा विद्युतरोध कमी होतो. मोटारींत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका प्रकारच्या सेन्सरचा रोध २० अंश सेल्सिअसला सुमारे २,५०० ओहम, ८० अंशांना सुमारे ३२० ओहम आणि १०० अंशांना सुमारे १९० ओहम असतो. निरनिराळ्या मोटारींत हे आकडे वेगळे असतात, पण कल हाच राहतो.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. सेन्सरची तार तुटली किंवा जोडणी सैल झाली, तर रोध अतिशय वाढल्यासारखा भासतो आणि इंजिन थंड असल्याचे दिसते. तीच तार सोलली जाऊन इंजिनाच्या धातूला टेकली, तर रोध जवळजवळ शून्य होतो आणि इंजिन अतिशय तापल्याचे दिसते. दोन्ही वेळा कूलंटचे खरे तापमान तेच असते.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. कूलंटची पातळी इतकी घटली, की सेन्सरचे टोक कोरडे पडले, तर तो आजूबाजूच्या हवेचे किंवा वाफेचे तापमान दाखवू लागतो. अशा वेळी काटा खाली येतो आणि चालकाला हायसे वाटते. इंजिन मात्र त्याच वेळी सर्वाधिक धोक्यात असते. म्हणून तापलेल्या इंजिनाचा काटा कोणत्याही कारणाविना अचानक खाली आला, तर तो दिलासा समजू नये.

जुन्या आणि नव्या मोटारींच्या काट्यांतही फरक आहे. २०१४ मध्ये उत्पादन थांबलेल्या ॲम्बॅसिडरच्या पिढीतील मोटारींत काटा सेन्सरला थेट जोडलेला असे. तापमानातील लहानसहान चढउतार त्यावर उमटत. आजच्या बहुतेक मोटारींत सेन्सरचा संदेश आधी इंजिनाच्या संगणकाकडे जातो आणि तो काट्याला आज्ञा देतो. अनेक उत्पादक हा काटा मुद्दाम स्थिर ठेवतात. कूलंट साधारण ८० ते १०५ अंशांच्या दरम्यान असेपर्यंत काटा मध्यावरून हलत नाही. त्यामुळे जुन्या मोटारीत काटा थोडा हलणे स्वाभाविक असले, तरी नव्या मोटारीत तो हलला, तर बदल मोठा आहे असे समजावे. काही लहान मोटारींत काटा नसतोच. केवळ थंडपणाचा निळा आणि अतितापाचा लाल दिवा असतो. अशा मोटारीत लाल दिवा लागतो तोवर पूर्वसूचनेचा काळ उलटून गेलेला असतो.

शीतकरणाची व्यवस्था

इंजिनातील उष्णता कूलंट शोषून घेतो, पाण्याचा पंप त्याला रेडिएटरकडे ढकलतो, तेथे वारा किंवा पंखा त्याला थंड करतो आणि तो पुन्हा इंजिनात येतो. या मार्गावर थर्मोस्टॅट ही झडप असते. तिच्या पोटात मेण भरलेले असते. साधारण ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान हे मेण वितळून फुगते आणि झडप उघडते. इंजिन थंड असताना झडप बंद राहते, जेणेकरून ते लवकर तापून योग्य तापमानाला यावे.

रेडिएटरचे किंवा कूलंटच्या टाकीचे झाकण हा दुर्लक्षित पण महत्त्वाचा भाग आहे. समुद्रसपाटीला साधे पाणी १०० अंशांना उकळते. हे झाकण व्यवस्थेत सुमारे एक बार जादा दाब राखते. त्यामुळे उकळण्याची मर्यादा सुमारे १२० अंशांपर्यंत जाते. पाण्यात निम्मे ग्लायकोल मिसळलेले असेल, तर ती आणखी वाढते. झाकणाचे रबर झिजले, की हा सगळा लाभ संपतो. उंचीचाही परिणाम होतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेह येथे उघड्या भांड्यातील पाणी सुमारे ८८ अंशांनाच उकळते. मैदानी प्रदेशात निर्वेध चालणारी मोटार हिमालयातील चढावर उकळू लागते, तेव्हा चढाचा भार आणि विरळ हवा यांच्याबरोबर हे झिजलेले झाकणही अनेकदा कारणीभूत असते.

वेग हाच पहिला पुरावा

एक साधा हिशोब येथे उपयोगी पडतो. लहान मोटारीत सुमारे पाच लिटर कूलंट असतो, असे धरू. एक लिटर पाणी एक अंशाने तापवण्यासाठी सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. पाच लिटर पाणी ३० अंशांनी तापवायचे, तर सुमारे ६३० किलोज्यूल लागतील. चढावर जोर लावणाऱ्या इंजिनाने कूलंटला २० किलोवॅट दराने उष्णता दिली आणि रेडिएटरने काहीच बाहेर टाकली नाही, तरीही यासाठी अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागेल. यात इंजिनाच्या धातूचा विचारही केलेला नाही. उभ्या मोटारीत, इंजिन मंद गतीने चालू असताना, हाच बदल व्हायला काही मिनिटे लागतात.

तात्पर्य असे, की काटा पापणी लवण्याच्या आत मध्यावरून टोकाला गेला आणि तितक्याच चटकन परत आला, तर सर्व कूलंट तेवढ्या वेळात तापून थंड झाला असणे शक्य नाही. असा झटका प्रायः विजेच्या जोडणीतून येतो. काटा काही मिनिटांत सावकाश चढत असेल, तर उष्णता खरी आहे असे धरावे.

या नियमाला दोन अपवाद आहेत. कूलंटमध्ये अडकलेला हवेचा किंवा वाफेचा बुडबुडा सेन्सरवरून सरकला, तर काही सेकंदांत आकडा उडी घेतो. अडखळणारा थर्मोस्टॅट उशिरा आणि एकदम उघडला, तर रेडिएटरमधील थंड पाण्याचा लोंढा सेन्सरवर येतो व आकडा झपाट्याने कोसळतो. दोन्ही प्रकारांत दोष खराच असतो. जुन्या मोटारींतील काही काटे रचनेनेच संथ असतात. त्यांत विजेचा दोषही सावकाश हालचालीच्या रूपाने दिसू शकतो. म्हणून वेगाबरोबर परिस्थितीचीही नोंद घ्यावी लागते.

परिस्थितीवरून निदान

हेडलाइट किंवा दिशादर्शक दिवा लावताच काटा हलत असेल, तर अर्थिंगची तार सैल किंवा गंजलेली असण्याची शक्यता अधिक असते. तापमानाबरोबर पेट्रोलचा काटाही हलत असेल, तर दोष दोन्ही काट्यांच्या सामायिक वीजपुरवठ्यात शोधावा. मोटार धुतल्यावर किंवा पावसातच त्रास होत असेल, तर सेन्सरच्या जोडणीत ओल शिरत असावी. खड्ड्यांतून जाताना काटा उडत असेल, तर तारेची जोडणी तपासावी.

सिग्नलवर व वाहनांच्या गर्दीत काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो, असे असेल तर रेडिएटरच्या पंख्याकडे पाहावे. वेगात असताना वारा आपोआप मिळतो. थांबल्यावर सर्व भिस्त पंख्यावर असते. बहुतेक मोटारींत वातानुकूलन सुरू केले, की हा पंखाही फिरू लागतो. तेव्हाही तो फिरला नाही, तर मोटर, फ्यूज किंवा रिले यांत दोष असू शकतो. वातानुकूलनासोबत फिरतो, पण इंजिन तापल्यावर फिरत नाही, असे असल्यास सेन्सर किंवा त्यापुढील नियंत्रणाची तपासणी करावी.

गर्दीत काटा ठीक राहतो, मात्र घाटात किंवा महामार्गावरील वेगात चढतो, हे लक्षण वेगळे आहे. येथे हवा पुरेशी मिळते, पण कूलंटचा प्रवाह किंवा रेडिएटरची क्षमता अपुरी पडते. रेडिएटर आतून क्षारांनी किंवा बाहेरून चिखल व किड्यांनी बुजलेला असणे, पंपाची पाती झिजलेली असणे, पट्टा घसरणे किंवा पंपाच्या ओढीने खालचा होज पाइप आत चेपला जाणे ही याची कारणे होत. वर्षानुवर्षे विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी भरलेल्या रेडिएटरमध्ये क्षारांचा थर साचतो, हे विशेष लक्षात ठेवावे.

काटा लयीत वर जातो, एकदम खाली येतो आणि पुन्हा वर जातो, असे घडत असेल, तर थर्मोस्टॅट अडखळत असण्याची किंवा व्यवस्थेत हवा अडकली असण्याची शक्यता असते. कूलंट बदलल्यानंतर लगेच हा त्रास सुरू झाला असेल, डॅशबोर्डमागून खळखळ ऐकू येत असेल आणि हीटरची हवा आलटून पालटून गरम व गार येत असेल, तर हवा नीट काढलेली नाही असे समजावे. मोकळ्या रस्त्यावर काटा खालीच राहतो आणि गर्दीत किंचित वर येतो, हे थर्मोस्टॅट उघडा अडकल्याचे लक्षण आहे.

सर्वांत गंभीर शक्यता हेड गॅस्केट फुटल्याची असते. थंड इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच होज पाइप दगडासारखा घट्ट होणे, कूलंटमध्ये सतत बुडबुडे येणे, बाहेर गळती नसताना पातळी घटणे, इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर निघणे आणि ऑइल दुधाळ दिसणे ही त्याची चिन्हे आहेत. सगळी चिन्हे एकाच वेळी दिसतीलच असे नाही. ज्वलनाचे वायू कूलंटमध्ये मिसळत आहेत का, हे गॅरेजमध्ये एका निळ्या रसायनाच्या साहाय्याने तपासता येते. वायू आढळल्यास त्याचा रंग पिवळा होतो. हेड उतरवण्यापूर्वी ही चाचणी करून घ्यावी.

तपासणीचा क्रम

स्वस्त व सोप्या तपासण्या आधी आणि महागड्या नंतर, हा क्रम पाळावा.

१. इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटची पातळी पाहावी. टाकीत कूलंट दिसतो म्हणून रेडिएटर भरलेला आहे असे गृहीत धरू नये. रेडिएटरला वेगळे झाकण असल्यास तेही थंड अवस्थेतच उघडून पाहावे. पातळी कमी असेल, तर पुढील सर्व तर्क बाजूला ठेवून गळती शोधावी.

२. होज पाइप, पट्टा, रेडिएटरची जाळी आणि झाकणाचे रबर पाहावे. पंपाखाली वाळलेल्या कूलंटचे डाग असल्यास पंप गळत असावा.

३. सेन्सरची जोडणी काढून गंज, ओल व सैल पिना तपासाव्यात. बॅटरीपासून बॉडी व इंजिनाकडे जाणाऱ्या अर्थच्या तारा घट्ट आणि स्वच्छ असाव्यात. इंजिन चालू ठेवून तार हळूच हलवल्यावर काटा उडाला, तर दोष सापडलाच. पंखा केव्हाही फिरू लागतो, हे लक्षात ठेवून हात दूर ठेवावा.

४. संगणकाचा आकडा वाचावा. भारतातील मोटारींत ओबीडी ही स्वयंनिदान व्यवस्था एप्रिल २०१० पासून आली आणि एप्रिल २०१३ पासून तिचा दुसरा टप्पा लागू झाला. तिच्या जोडणीला लहानसे वाचक यंत्र लावले, की कूलंटचे तापमान अंशांत दिसते. रात्रभर उभ्या असलेल्या मोटारीत सकाळी हा आकडा बाहेरील हवेच्या तापमानाच्या जवळपास असला पाहिजे. बाहेर २५ अंश असताना तो ५० दाखवत असेल, तर सेन्सर किंवा त्याची तार संशयास्पद ठरते. उणे ४० असा आकडा दिसत असेल, तर तार तुटल्याची किंवा जोडणी निखळल्याची शक्यता फार असते. संकेतांकांचीही मदत होते. पी ०११७ हा संकेतांक तार धातूला टेकल्याकडे, पी ०११८ तार तुटल्याकडे, पी ०११९ अधूनमधून तुटणाऱ्या जोडणीकडे आणि पी ०१२८ इंजिन अपेक्षेइतके तापत नसल्याकडे निर्देश करतो. संकेतांक दोषाची दिशा सांगतो, कोणता भाग बदलावा हे सांगत नाही.

५. संगणकाचा आकडा स्थिर असून केवळ काटाच उडत असेल, तर दोष काट्यात किंवा त्याच्या तारेत असतो. मात्र काही मोटारींत संगणकाला एक आणि काट्याला दुसरा असे दोन सेन्सर असतात, हे तपासून घ्यावे.

६. थंड इंजिन सुरू करून आकडा कसा चढतो ते पाहावे. तो संथपणे चढावा. थर्मोस्टॅट उघडला, की रेडिएटरकडे जाणारा पाइप थोड्याच वेळात गरम होतो. त्यानंतर उभ्या मोटारीत आकडा आणखी चढल्यावर पंखा सुरू व्हावा व आकडा पुन्हा उतरावा. साखळीतील जी पायरी चुकते, तेथे दोष असतो.

७. दूरून तापमान मोजणारी इन्फ्रारेड बंदूक हाताशी असल्यास थर्मोस्टॅटजवळील आकडा पडताळता येतो. चकचकीत ॲल्युमिनियमवर ती प्रत्यक्षापेक्षा कमी तापमान दाखवते. म्हणून रबरी पाइपवर किंवा काळी चिकटपट्टी लावून मोजावे.

थर्मोस्टॅट काढून टाकावा का?

मोटार तापते म्हणून थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. ती योग्य नाही. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन योग्य तापमानाला उशिरा येते. त्यामुळे इंधन जास्त जळते, झीज वाढते आणि संगणक इंजिन थंडच आहे असे समजून इंधनाचे प्रमाण वाढवत राहतो. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅटच आडमार्ग बंद करण्याचे काम करतो. तो काढला, की कूलंटचा काही भाग रेडिएटरमध्ये न जाता परस्पर इंजिनात परततो आणि तापमान उलट वाढते. शिवाय मूळ दोष, म्हणजे बुजलेला रेडिएटर किंवा बंद पंखा, तसाच राहतो.

काटा लाल पट्टीकडे गेल्यास

दोष काट्यात आहे असे सिद्ध होईपर्यंत उष्णता खरी आहे असेच मानावे. काटा चढू लागताच वातानुकूलन बंद करावे. हीटर पूर्ण गरम करून त्याचा पंखा जोरात लावावा. त्यामुळे इंजिनातील काही उष्णता बाहेर पडते. तेवढ्याने काटा उतरला नाही, लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली, तर मोटार सुरक्षित जागी उभी करून इंजिन बंद करावे. हीटर लावूनही आतून थंड हवा येत असेल, तर कूलंट फार कमी झाला असण्याची शक्यता असते. त्या स्थितीत पुढे जाऊ नये.

गरम इंजिनावरील झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. आतील द्रव १०० अंशांहून अधिक तापलेला असूनही केवळ दाबामुळे उकळत नसतो. झाकण सैल होताच दाब नाहीसा होतो, तो द्रव त्या क्षणी उकळतो आणि उसळून हातावर व चेहऱ्यावर येतो. यातून गंभीर भाजण्याच्या घटना घडतात. इंजिन थंड होण्यास अर्धा ते पाऊण तास किंवा त्याहून अधिक वेळ द्यावा. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नये. धातूला तडा जाऊ शकतो. ग्लायकोलयुक्त कूलंट चवीला गोड पण विषारी असतो. सांडलेला कूलंट धुऊन टाकावा आणि उरलेला मुले व जनावरे यांच्यापासून दूर ठेवावा.

मेकॅनिककडे जाताना ‘काटा वरखाली होतो’ एवढेच सांगणे पुरेसे नसते. तो किती सेकंदांत किंवा मिनिटांत हलला, मोटार उभी होती की चढावर होती, वातानुकूलन व दिवे सुरू होते का, हीटरची हवा गरम होती का आणि थंड असताना कूलंटची पातळी किती होती, या पाच बाबी लिहून न्याव्यात. निम्मे निदान या नोंदीतच होते आणि नको असलेले सुटे भाग बदलण्याची वेळ सहसा येत नाही.